देणाऱ्याचे नाव

यरुशलेमच्या मंदिरात स्त्रियांच्या अंगणात तेरा दानपेट्या ठेवलेल्या असत. त्यांचा आकार तुतारीसारखा होता, असे ज्यू परंपरेतल्या जुन्या ग्रंथांत नोंदलेले आहे. नोटांचा काळ नव्हता. दान म्हणजे नाणी, आणि नाणी पडली की खणखणणारच. कोण किती देऊन गेला, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कानानेच कळत असावे. येशू या पेट्यांसमोर बसून कोण काय टाकतो ते पाहत होता, असा प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येतो. एक गरीब विधवा आली आणि तिने दोन टोल्या टाकल्या. त्या काळी मजुराला दिवसाला एक दिनार मिळे. या दोन नाण्यांची किंमत त्या दिनाराच्या चौसष्टाव्या भागाएवढी. येशूने शिष्यांना जवळ बोलावले आणि सांगितले, की आज सर्वांत जास्त हिनेच दिले आहे. इतरांनी उरलेल्यातून दिले, हिने पोटाला लागणारे दिले.

जगभरच्या चर्चमध्ये दानाविषयी बोलताना हा प्रसंग हमखास वाचला जातो. त्याच्या लगेच आधीचे मात्र फारसे कोणी वाचत नाही. लांब झगे घालून बाजारात नमस्कार घेणारे, सभास्थानात पुढच्या आसनांवर बसणारे आणि विधवांची घरे गिळणारे शास्त्री यांना येशूने तिथे खडसावले आहे. विधवेला कंगाल करणाऱ्यांवर आधी बोट ठेवले, आणि मगच तिच्या दानाचे कौतुक केले. हे दोन्ही एका दमात वाचले, तरच ख्रिस्ती जीवनातल्या त्यागाचा अर्थ लागतो. त्याग स्वतःकडून मागायचा असतो. दुसऱ्याकडून, त्यातही गरिबाकडून, तो उपदेशाच्या जोरावर वसूल करायचा नसतो.

आज ही गोष्ट पुन्हा सांगण्याची गरज आहे. चर्चच्या बाकांवर, पंख्यांवर, घंटेवर, दफनभूमीच्या कमानीवर देणगीदारांची नावे कोरलेली दिसतात. सुगीच्या सणाला अनेक मंडळ्यांत भाविकांनी आणलेल्या भाज्या, धान्य, अंडी, कोंबड्या यांचा लिलाव होतो. प्रथा सुंदर आहे, कारण तिच्यात ज्याच्याकडे पैसा नाही त्याचा भोपळाही वेदीपर्यंत पोहोचतो. पण बोली वाढत जाते, माइकवरून नावे पुकारली जातात, आणि हळूहळू भोपळा आणणारी बाई मागे पडून बोली लावणारा गृहस्थ सणाचा मानकरी होतो. करोनाच्या टाळेबंदीत धान्याच्या पिशव्या वाटताना घेणाऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याचे फोटो काढून ते सगळीकडे फिरवले गेले. त्यात सगळ्याच धर्मांचे लोक होते. पण उजवा हात काय देतो हे डाव्या हाताला कळू देऊ नये, असे ज्यांच्या गुरूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले, त्यांनी तरी हा मोह टाळायला हवा होता.

नम्रता आणि त्याग हे दोन वेगळे सद्गुण नाहीत. नम्रतेवाचून केलेला त्याग देणाऱ्याला मोठा करतो आणि घेणाऱ्याला लहान. त्यागावाचून दाखवलेली नम्रता केवळ मृदू बोलणे ठरते. ख्रिस्ती परंपरेत ज्यांनी दोन्ही एकत्र जगून दाखवले, त्यांनी पैशाबरोबर आणखी तीन गोष्टी सोडल्या: आपले नाव, आपली सोय आणि दिलेल्यावरचा आपला हक्क. पैसा सोडणे त्यामानाने सोपे असते.

जॉन वेस्ली हे अठराव्या शतकातले इंग्लंडमधले धर्मोपदेशक. मेथडिस्ट चळवळ त्यांनी उभी केली. त्यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा हिशेब मांडला आहे. त्याची वर्षाची मिळकत 30 पौंड होती. तो 28 पौंडांत भागवे आणि 2 पौंड गरिबांना देई. दुसऱ्या वर्षी मिळकत 60 पौंड झाली. त्याने 28 पौंडांतच भागवले आणि 32 देऊन टाकले. तिसऱ्या वर्षी 90 मिळाले, तेव्हा 62 दिले. चौथ्या वर्षी 120 मिळाले, तेव्हा 92. हा तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानले जाते. प्रवचनात मात्र त्यांनी नाव सांगितले नाही. मिळकत चौपट झाली तरी घरखर्चाचा आकडा जागचा हलला नाही, हे या हिशेबातले मर्म आहे. आज मध्यमवर्गीय घरांत उलटे होते. पगार वाढला की गाडी मोठी होते, घर मोठे होते, लग्नाचा मांडव मोठा होतो आणि दानाची रक्कम वर्षानुवर्षे तीच राहते. दशमांश देणाऱ्याचाही हिशेब तपासावा असा आहे. ज्याला महिन्याला दहा हजार मिळतात, त्याने एक हजार दिले की त्याच्या ताटातला घास कमी होतो. ज्याला दहा लाख मिळतात, त्याने एक लाख दिला तरी त्याच्या स्वयंपाकघराला त्याचा पत्ताही लागत नाही. टक्का सारखा असला तरी झळ सारखी नसते.

झळ सोसून आणि नाव न ठेवता कसे द्यावे, हे पाहायचे तर मिझोरामकडे वळावे लागेल. 1894 मध्ये लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी त्या डोंगराळ प्रदेशात पोहोचले. पुढे काही दशकांतच तिथला बहुतांश समाज ख्रिस्ती झाला. पण लोकांच्या हातात रोकड जवळजवळ नव्हती. डोंगरउतारावर झाडी जाळून केलेली फिरती शेती, त्यातून येणारा भात आणि अधूनमधून बांबू फुलल्यावर उंदरांच्या झुंडींनी पडणारा दुष्काळ, असे तिथले जगणे होते. तिथल्या स्त्रियांनी 1910 च्या सुमारास एक रीत सुरू केली. प्रत्येक वेळी भात शिजवायला घेताना तांदूळ मोजून झाले, की त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. मंडळीतल्या बायका घरोघरी जाऊन तो तांदूळ गोळा करत, तो विकला जाई आणि पैसे चर्चच्या कामाला लागत. मिझो भाषेत या रीतीला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. शंभर वर्षांहून अधिक काळ उलटला, तरी ती चालू आहे. मुठीमुठीने जमलेला हा पैसा आज कोट्यवधींच्या घरात जातो आणि त्यातून मिझोरामबाहेर काम करणाऱ्या धर्मसेवकांचा खर्च भागतो.

ही रीत ज्या पद्धतीने चालते, ती नीट पाहण्यासारखी आहे. मूठ शिजवण्याआधी काढली जाते, जेवणानंतर उरलेल्यातून नाही. ती रोज काढली जाते, त्यामुळे वर्षातून एकदा मोठी देणगी देऊन मोकळे होण्याची सोय नाही. सगळ्यांचा तांदूळ एकाच पोत्यात पडतो, तिथे कोणाची मूठ कोणती हे ओळखता येत नाही. आणि हा निर्णय ज्या बाईच्या हातात चूल आहे तिचा असतो, चर्चच्या पंचांचा नसतो. जिच्याकडे ना जमीन होती ना पैसा, तिलाही या रीतीने दात्याच्या रांगेत बरोबरीने उभे केले. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. शाळा, वसतिगृहे चालवण्यासाठी मुष्टिफंड गोळा करणारी गावे इथेही होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. भाऊराव जैन घराण्यातले. त्याग ही कोणा एका धर्माची मिरास नाही. ख्रिस्ती माणसाने एवढेच म्हणावे, की आपल्या धर्माच्या केंद्रस्थानीच स्वतःला रिकामे करणारा देव आहे. त्यामुळे आपल्याला सबब सांगायला जागा उरत नाही.

स्वतःला रिकामे करण्याची ही कल्पना पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मांडली आहे. देवाच्या बरोबरीचे असणे ख्रिस्ताने घट्ट धरून ठेवले नाही, तो दासाचे रूप घेऊन माणसांत आला, असे पौल म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात हेच कृतीतून दिसते. ज्या रात्री त्याला पकडले गेले, त्याच रात्री येशू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. पाय धुणे हे तिथे सेवकाचे काम होते. पेत्राला ते सहन झाले नाही, तो नको म्हणाला. चर्चमध्ये पवित्र गुरुवारी हा विधी आजही होतो. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीन गुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या आणि मुस्लिमही होते. कोणाचे पाय धुवायचे याबद्दलच्या जुन्या चौकटीला त्याने धक्का बसला, काही जण नाराजही झाले. पण विधी त्या दिवशी त्याच्या मूळ जागी गेला.

नम्रता म्हणजे जागा बदलणे, याचे सर्वांत कठोर उदाहरण हवाई बेटांवर घडले. तिथल्या राजाच्या सरकारने 1865 मध्ये कायदा केला आणि 1866 पासून कुष्ठरुग्णांना मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडायला सुरुवात केली. एका बाजूला उत्तुंग कडे, बाकी तिन्ही बाजूंना समुद्र. तिथून परतीची वाट नव्हती. 10 मे 1873 रोजी बेल्जियमचे एक धर्मगुरू तिथे उतरले. फादर डेमियन त्यांचे नाव, वय 33. त्यांनी घरे बांधली, पाण्याचे नळ आणले, जखमा बांधल्या, शवपेट्या ठोकल्या आणि कबरी खणल्या. रुग्णांच्याच भांड्यातून ते जेवले. 1884 च्या अखेरीस त्यांचा पाय उकळत्या पाण्याने भाजला आणि त्यांना वेदना झाली नाही. रोगाने त्यांनाही गाठले होते. 15 एप्रिल 1889 रोजी, वयाच्या 49 व्या वर्षी, ते त्याच वसाहतीत वारले. 2009 मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केले.

डेमियन स्वभावाने मवाळ नव्हते. ते हट्टी होते, तापट होते. औषधे, लाकूड, परिचारिका यांसाठी त्यांनी सरकारला आणि स्वतःच्या वरिष्ठांना सतत भंडावून सोडले. त्यांच्या मृत्यूनंतर होनोलुलूमधल्या एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने त्यांच्यावर अस्वच्छतेचे, हेकटपणाचे आणि चारित्र्याचे आरोप करणारे पत्र लिहिले. त्याला 1890 मध्ये ‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी जाहीर उत्तर दिले. स्टीव्हन्सन स्वतः प्रॉटेस्टंट घरात वाढलेले होते आणि ती वसाहत त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. डेमियनचे दोष त्यांनी झाकले नाहीत. आरामशीर घरात बसून दोष मोजणारा आणि रुग्णांमध्ये जाऊन मेलेला यांतला फरक मात्र त्यांनी परखडपणे दाखवला. नम्रतेची परीक्षा गोड बोलण्यात नसते, हे या वादातून स्पष्ट होते. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांचे जगणे आपले मानायची तयारी आहे का, एवढाच प्रश्न असतो.

मराठी वाचकाला यासाठी इतके लांब जायला नको. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव आहे आणि तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही उभे आहे. 1858 मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रे पायी तुडवली आणि दुष्काळात आईवडील गमावले. भूक हा त्यांच्यासाठी पुस्तकातला शब्द नव्हता. म्हणूनच 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. शेकडो जणींची व्यवस्था करायची, आणि तीही अमेरिकेतल्या मित्रमंडळाने दहा वर्षे दिलेल्या वचनाची मुदत संपत असताना. रमाबाईंनी मुलींना अन्न दिले आणि त्याबरोबर कामही दिले: शेती, विणकाम, छापखाना. मुक्तीच्या छापखान्यात मुली खिळे जुळवत होत्या, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक घरांत मुलींना अक्षरओळखही नव्हती. घेणाऱ्याला कायम घेणाराच ठेवायचे नाही, ही जाण त्यामागे होती.

रमाबाईंची नम्रता वाकणारी नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींशी आणि बिशपांशी त्यांचे अनेक मुद्द्यांवर मतभेद झाले. विचार करायचा हक्क आपण कोणाला विकलेला नाही, ही त्यांची भूमिका पत्रांतून स्पष्ट दिसते. 1897 च्या प्लेगात सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी आबाळ झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी जाहीरपणे लिहिले. चर्चमधल्या वरिष्ठांपुढे, साहेबापुढे किंवा समाजातल्या बड्यांपुढे मान तुकवणे याला ज्यांनी नम्रता समजले, त्यांनी रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचावे. त्या झुकल्या ते दुष्काळातून आलेल्या, अंगावर किडे पडलेल्या मुलींपुढे. आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी ज्या कामाला दिली, तेही अशाच बायकांसाठी होते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा भाषेत. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांची उत्तराधिकारी मनोरमा वारली. पुढच्या वर्षी 5 एप्रिलला त्या गेल्या. छापील बायबल त्यांच्या पश्चात, 1924 मध्ये बाहेर पडले.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत आणखी एका घराचे नाव आदराने घेतले जाते. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे. दारात आलेल्याला ते घरातले काढून देत, निराधार मुलांना घरात आसरा देत. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी आणि तिचा पगार सोडला आणि संन्याशासारखे राहून ‘देवाचा दरबार’ हा, मिशनच्या चौकटीबाहेरचा, भारतीय वळणाचा प्रयोग सुरू केला. दोनच वर्षांनी, मे 1919 मध्ये, ते वारले. त्यांचा त्याग निर्विवाद आहे. पण तो त्याग रोजच्या व्यवहारात कोणाच्या अंगावर पडत होता, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे कळते. पगार घरी येण्याआधीच वाटून टाकला, तर चूल कशी पेटते? अचानक चार माणसे जेवायला आणली, तर पिठाचा डबा कोण खरवडतो? लक्ष्मीबाईंनी हे सगळे प्रेमाने सोसले, तितक्याच मोकळेपणाने लिहिले आणि टिळकांच्या मागे उरलेली ओढाताणही निभावली. टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या हयातीत अपुरे राहिले. ते पुढे नेण्याचे कामही लक्ष्मीबाईंनीच केले.

दानशूर पुरुषाच्या मागे काटकसर करणारी बाई असते, आणि पुष्कळदा तिला विचारलेलेही नसते. हा प्रश्न आजच्या ख्रिस्ती घरांनाही लागू आहे. पास्टर सेवेला वाहून घेतो, तेव्हा त्याच्या मुलांची फी थकते. घरातला कर्ता चर्चच्या बांधकामाला मोठी रक्कम जाहीर करतो आणि बायकोला ती उपासनेत सगळ्यांबरोबरच ऐकायला मिळते. दुसऱ्याच्या वाट्याचे देऊन टाकणे हा त्याग नाही. दोघांनी बसून ठरवले, दोघांनी मिळून झळ सोसली, तर तो घराचा त्याग होतो. मिझोरामच्या मुठीत आणि टिळकांच्या औदार्यात हा एक महत्त्वाचा फरक आहे, आणि तो दाखवल्याने टिळकांचा मोठेपणा कमी होत नाही.

देण्याची झळ कोणाला बसते, ही कसोटी आज सर्वांत निकडीने लावायला हवी ती ‘द्या म्हणजे मिळेल’ असे सांगणाऱ्या प्रचाराला. मोठ्या मैदानांवरच्या सभांत, टीव्हीवर, यूट्यूबवर विश्वासाचे बीज पेरायला सांगितले जाते. इतके द्या, शंभरपट येईल, कर्ज फिटेल, आजार जाईल, व्हिसा मिळेल. ऐकणारे बहुतेक हातावर पोट असलेले असतात. घरकाम करणारी बाई, रिक्षाचालक, आजाराने खचलेले कुटुंब. त्यांच्याकडून विधवेच्या दोन टोल्यांच्या नावाने पैसे घेतले जातात आणि मंचावरच्या माणसाचे राहणीमान दर वर्षी उंचावत जाते. शास्त्र्यांविषयी येशूने जे म्हटले, ते यांना शब्दशः लागू पडते. परतफेडीच्या हिशेबाने दिलेले दान नसते, ती गुंतवणूक असते. आणि ती बुडते तेव्हा गरिबाला सांगितले जाते, की तुझाच विश्वास कमी पडला.

पौलाने दान गोळा करताना केलेली व्यवस्था यापुढे ठेवून पाहावी. यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो ग्रीस आणि मासेदोनियातल्या मंडळ्यांकडून मदत जमवत होता. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे अध्याय त्याच विषयाला वाहिलेले आहेत. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः दारिद्र्यात असून त्यांनी आपणहून दिले, याचे तो कौतुक करतो. पण करिंथकरांना तो स्पष्ट सांगतो, की दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओझे, असे मला नको आहे, मला समानता हवी आहे. शिवाय जमलेली रक्कम तो एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतो, कारण एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. पैशाच्या बाबतीत स्वतःवरही पाळत ठेवू देणे, हा पौलाच्या नम्रतेचा भाग होता. ज्या चर्चचे विश्वस्त हिशेब विचारणाऱ्या तरुणाला बंडखोर ठरवतात, जिथे मालमत्तेच्या वादात वर्षे आणि वकील खर्ची पडतात, तिथे हे दोन अध्याय मोठ्याने वाचले जायला हवेत.

ख्रिस्ती सेवेवर घेतला जाणारा एक आक्षेप टाळून पुढे जाणे योग्य नाही. ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष, असा तो आक्षेप. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनालाही 1893 मध्ये या वादळाला तोंड द्यावे लागले. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात कोण किती बरोबर होते, यावर इतिहासकार लिहीत आले आहेत. आजच्या ख्रिस्ती माणसाने मात्र या आक्षेपाने चिडून जाण्यापेक्षा तो आरसा म्हणून वापरावा. भाकरीच्या बदल्यात श्रद्धा मागितली, तर भाकरीचेही मोल गेले आणि श्रद्धेचेही. चौथ्या शतकात रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक होता. त्याने आपल्या धर्माच्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली, की हे ख्रिस्ती लोक स्वतःच्या गरिबांना पोसतात आणि वर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने तक्रार म्हणून नोंदवलेले हे वाक्य चर्चसाठी मोठे प्रशस्तिपत्र आहे. अट न घालता देणे शक्य आहे आणि ते घडलेले आहे.

आता करायचे काय, हा प्रश्न प्रवचनावर सोडून भागणार नाही. मंडळीच्या वार्षिक सभेत, पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत काही साधे ठराव होऊ शकतात. नव्या वस्तूवर देणगीदाराचे नाव कोरायचे नाही. सुगीच्या लिलावात बोली लावणाऱ्यांची नावे माइकवरून पुकारायची नाहीत. मदत घेणाऱ्याचा फोटो त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय काढायचा नाही आणि तो कुठेही टाकायचा नाही. वर्षाचा जमाखर्च प्रवेशद्वाराशी लावायचा, प्रत्येक सदस्याला वाचता येईल अशा मराठीत, आणि त्यात एक ओळ ठळक ठेवायची: आलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले किती इमारतीवर गेले आणि किती गरिबांवर. धर्मगुरू, पास्टर, विश्वस्त यांनी दान मागण्याआधी आपण स्वतः कोणती सोय सोडली, हे एकमेकांत तरी प्रामाणिकपणे बोलावे. मदत कुठे आणि कशी द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत ज्यांना कधी ना कधी मदत घ्यावी लागली आहे असे दोघे तरी असावेत, आणि त्यांत एक बाई असावी. घराघरांत वेस्लींच्या पद्धतीने एक आकडा ठरवता येईल. एवढ्यात आपले भागते, मिळकत वाढली तरी हा आकडा पाच वर्षे वाढवायचा नाही, महागाईपुरता काय तो बदलायचा. वर उरेल ते कोणाला द्यायचे, हे नवरा-बायकोने मिळून ठरवायचे, मुलांनाही त्यात घ्यायचे.

यातल्या कोणत्याही ठरावाला मोठा निधी लागत नाही, परवानगी लागत नाही, परदेशातून मदत यावी लागत नाही. विरोध मात्र होईल. बाकावर आजोबांचे नाव हवे असणारी घरे आहेत, आणि त्यांच्या भावनेला दुखावू नये. जुनी नावे आहेत तिथे राहू द्यावीत. पण ज्या चर्चला गळक्या छपरासाठी मोठ्या देणगीदाराची गरज असते, तिथेही हा नियम टिकवता येतो, हे कोणीतरी करून दाखवायला हवे. पुढच्या उपवासकाळाच्या आत महाराष्ट्रातल्या दहा-बारा मंडळ्यांनी जरी वरचे ठराव मंजूर केले आणि वर्षभराने त्यांचे बरेवाईट अनुभव एकमेकांना कळवले, तरी बाकीच्यांना अनुकरण करायला काहीतरी हाती लागेल.